प्रतिसाद: खडकवासल्याला नौदलाचं काय काम?
वर कुणीतरी म्हटलंय की एनडीएसाठी (म्हणजे तिन्ही सैन्यदलांचे अधिकारी घडवणारी राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी) पुण्याजवळचं खडकवासला निवडलं ते फक्त मोकळी जागा आणि समोर सिंहगड म्हणून. ते खरंच, पण अर्धंच. दुसऱ्या महायुद्धात तलावाच्या उत्तर काठावर सैनिकांना बोटीतून किनाऱ्यावर उतरायचं ट्रेनिंग द्यायचा कॅम्प होता, आणि त्यासाठी एचएमएस अँगोस्तुरा नावाचं चक्क नकली जहाज होतं तिथे! मुठेच्या धरणाला कसली भरती-ओहोटी न लाटा, त्यामुळे खऱ्या समुद्राची सवय तिथे होणार नाही हे उघड आहे, पण जहाजातून बोटीत, बोटीतून काठावर हा सराव गोड्या पाण्यातही होतोच की. युद्ध संपल्यावर हा कॅम्प ओस पडला होता, जागा ठरवताना तोही मुद्दा धरला गेला आणि मग ऑक्टोबर १९४९ मध्ये नेहरूंनी पायाभरणी केली.