मदत हवी आहे: खतांविना क्युबा तरला, मग श्रीलंका का कोसळली?

मृण्मयी (धागाकर्ती): परकीय चलन संपत आलेल्या देशाने शाश्वत शेतीकडे वळावे का, यावरचे टिपण मला उद्या सकाळी द्यायचे आहे आणि गाडी एकाच ठिकाणी अडली आहे. १९९१ मध्ये सोव्हिएत संघ कोसळल्यावर क्युबाची खतांची आयात आटली, तरी देश तरला. श्रीलंकेने मे २०२१ मध्ये रासायनिक खतांच्या आयातीवर बंदी घातली आणि नोव्हेंबरमध्ये मागे घेतली. असे का झाले? सेंद्रिय अन्न आरोग्याला चांगले की वाईट, हा वाद कृपया येथे नको.

बांधावरचा: पीक कोणते, हे आपण लिहिलेलेच नाही. हवानातील ऑर्गेनोपोनिको म्हणजे कंपोस्ट भरलेले उंच वाफे. त्यांत भाजीपाला पिकतो, भात नव्हे. धान्य क्युबा आजही मोठ्या प्रमाणावर आयात करतो, त्यामुळे 'तरला' हा शब्द जपून वापरावा.

मृण्मयी: भात आणि चहा. हे गृहीत धरले होते.

नत्रवादी: मग हिशेब मांडा. युरियात ४६ टक्के नत्र (नायट्रोजन) असते, कंपोस्टमध्ये साधारण एक ते दोन टक्के, आणि तेही पहिल्याच हंगामात पूर्ण मिळत नाही. शंभर किलो नत्रासाठी सुमारे २१७ किलो युरिया पुरतो, कंपोस्ट मात्र पाच ते दहा टन लागते. देशभरच्या खाचरांसाठी एवढे खत काही महिन्यांत कोण तयार करणार होते?

हिरवळ: हा हिशेब अपुरा आहे. भातापूर्वी धैंचा हे हिरवळीच्या खताचे पीक पेरून फुलोऱ्याच्या सुमारास चिखलणीत गाडला, तर हवेतील नत्र जमिनीत येते. माझा अनेक वर्षांचा अनुभव आहे. गांडूळखतही करावे, खड्ड्यावर सावली हवी आणि ओल टिकली पाहिजे.

बांधावरचा: गांडूळखताची कृती कोणी विचारली नव्हती. धैंचा मलाही मान्य आहे, पण त्याचे बियाणे आणि पाणी आधी लागते, आणि चहाच्या मळ्यात चिखलणी होत नाही. पुढे श्रीलंकेचे अध्यक्ष झालेले गोटाबाया राजपक्षे यांनी २०१९ च्या निवडणुकीत याच बदलासाठी दहा वर्षांची मुदत सांगितली होती. प्रत्यक्षात आयात एकदम बंद केली. बंदी उठली तेव्हा 'महा' या तिथल्या मुख्य हंगामाची भाताची पेरणी बरीचशी उरकली होती.

नत्रवादी: मृण्मयीताई, डॉलरचा मुद्दा सोडू नका. खतावरचे डॉलर वाचवताना, डॉलर आणणाऱ्या चहाचे खत तोडले गेले आणि कमी पडलेला तांदूळ बाहेरून आणावा लागला. टिपणाची सुरुवात येथून करा, क्युबा नंतर घ्या.