बाथरूमच्या टाइल्समधलं ग्राउट निघतंय: जुन्यावरच नवीन भरलं तर चालेल का?

अबोली

बाथरूमच्या जमिनीच्या टाइल्स शाबूत आहेत, पण मधल्या फटींत भरलेलं ग्राउट पार गेलंय. शॉवरखाली काळं पडलंय, कितीही घासलं तरी निघत नाही. पाणी जायच्या जाळीजवळ तर नखाने खरवडलं की भुगाच हातात येतो. दाराकडचं मात्र अजून घट्ट आहे. हे काम मला स्वतःच करायचंय. अशी कामं करायला आवडतात आणि घाईही नाही.

जे घट्ट आहे त्याच्यावरूनच नवीन थर फिरवला तर चालेल का? साधं सिमेंटचं ग्राउट घ्यावं की एपॉक्सी, म्हणजे रेझिनचं? फटी साधारण 2 मिमीच्या आहेत. जमीन आणि भिंत मिळते त्या कोपऱ्यातही सरळ भेग गेलीय, तिथेही हेच भरायचं ना?

थापी

टाइल्स बसवणं हा माझा रोजचा धंदा आहे, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो.

जुन्यावर नवीन थर अजिबात देऊ नका. ग्राउट टिकायला त्याला टाइलच्या दोन्ही कडांचा आधार आणि पुरेशी खोली लागते. वरून फिरवलेला पातळ थर पापुद्र्यासारखा सुटतो, आणि मग त्याच्याखाली पाणी साचून राहतं. टाइलच्या जाडीच्या निदान दोन तृतीयांश खोलीपर्यंत जुनं काढा. म्हणजे टाइल 8 मिमीची असेल तर 5 मिमीच्या थोडं पुढे. घट्ट आहे तिथेही काढा, नाहीतर रंगाचे दोन तुकडे कायम दिसत राहतील.

पण हत्यार हातात घ्यायच्या आधी एक काम करा. लाकडी मुठीने प्रत्येक टाइल वाजवून बघा, चारही कोपऱ्यांवर आणि मधे. खणखणीत वाजली तर ठीक. भद्द, पोकळ आवाज आला आणि पाय दिल्यावर ती जराशी जरी हलली, तर ती उचलून पुन्हा बसवावी लागेल. हलत्या टाइलशेजारचं ग्राउट कुठल्याही प्रतीचं असो, फुटणारच. जाळीजवळ भुगा होतोय म्हणता, तिथल्या टाइल्स नीट तपासा. आणखी एक, खालच्या छताला ओल येत असेल तर ती ग्राउटने थांबणार नाही. पाणी अडवणारा थर टाइलच्या खाली असतो, ग्राउट फक्त फट बुजवतं.

जुनं काढायला ग्राउट काढायची हातकरवत घ्या, 2 मिमीच्या फटीत मावेल अशा पातळ पात्याची. पातं फटीच्या मधोमध ठेवून आपल्याकडे ओढा. कडेला घासलं की टाइलच्या चकाकीचे टवके उडतात आणि ते पुन्हा भरून येत नाहीत. मशीनने काम भराभर होतं, पण हात बसलेला नसेल तर कडाही तितक्याच भराभर जातात. धूळ बारीक असते आणि छातीला वाईट, तेव्हा मास्क आणि चष्मा लावाच. मग फटी व्हॅक्यूमने साफ करा आणि पूर्ण सुकू द्या.

आता मला सगळ्यात कळकळीने सांगायचंय ते पाण्याबद्दल. सिमेंटचं ग्राउट बिघडतं ते बहुतेक वेळा जास्तीच्या पाण्याने, आणि तेही भरायच्या दिवशीच. पाकिटावर दिलंय तेवढंच पाणी मोजून आधी भांड्यात घ्या, त्यावर पावडर टाका, हळूहळू कालवा. उचलून थापी तिरकी केली तर ग्राउट थापीला धरून राहिलं पाहिजे, ओघळता कामा नये. मग पाच-दहा मिनिटं तसंच राहू द्या आणि पाणी न घालता पुन्हा ढवळा. काम करताना घट्ट व्हायला लागलं की पाण्याचा हबका मारायचा मोह प्रत्येकाला होतो. तो टाळा. ढवळून सैल झालं तर वापरा, नाही झालं तर टाकून द्या. जास्तीचं पाणी उडून गेलं की आत बारीक छिद्रं राहतात. ग्राउट आक्रसतं, रंग फिका पडतो आणि मळकं पाणी त्याच छिद्रांतून आत मुरतं. तुमच्या शॉवरखालचं काळं घासून जात नाही, कारण ते वर बसलेलं नसून आत मुरलेलं असणार.

भरताना रबरी फ्लोट (मूठ असलेली सपाट रबरी पाटी) 45 अंशात धरा आणि फटीला तिरपा चालवत दाबून भरा. नंतर तोच फ्लोट जवळजवळ उभा धरून वरचं खरडून घ्या. थोडा थोडा भाग करा. फटीत बोट टेकवल्यावर ठसा उमटेनासा झाला की स्पंज घ्या, पण घट्ट पिळलेला. त्यातून एक थेंबही गळू नये. तोही तिरपाच फिरवा, फटीच्या रेषेत फिरवला तर भरलेलं उकरून निघतं. टाइलवर पांढुरकी झाक राहील, ती सुकल्यावर कोरड्या फडक्याने पुसा.

कोपऱ्यात मात्र ग्राउट नको. भिंत आणि जमीन वेगवेगळ्या हलतात, कडक वस्तू तिथे फुटणारच. तुमची सरळ भेग त्याचीच आहे. तिथे सिलिकॉन भरा.

निळा_खडू

थापींनी एपॉक्सीबद्दल लिहिलं नाही म्हणून लिहिते. आमच्या शॉवरखाली मी एपॉक्सी भरलंय आणि ते डाग अजिबात धरत नाही. पण हार्डनर (ते कडक करणारा भाग) मिसळला की वेळ मोजायला लागायची. भांड्यात गोळा करून ठेवलं तर ते आपल्याच उष्णतेने लवकर कडक होतं, म्हणून थोडंच कालवायचं आणि पसरट ठेवायचं. टाइलवरचं लगोलग पुसा, सुकलेलं काढणं महाकठीण. हातमोजे हवेतच, कातडीला त्रास होतो.

अबोली

दोघांचेही मनापासून आभार! जाळीजवळची एक टाइल खरंच पोकळ वाजली, ती आधी उचलते. आता सिमेंटकडे मन झुकतंय. फटी बारीक आहेत तर वाळूवालं घ्यायचं की बिनवाळूचं? आणि पाणी कधी वापरता येईल?

थापी

बिनवाळूचं. वाळूवालं 3 मिमीच्या पुढच्या फटींसाठी असतं, 2 मिमीत ते नीट दाबलं जात नाही. उचललेल्या टाइलखाली पाणी अडवणारा थर फाटला असेल तर तो आधी दुरुस्त करा, टाइलखालचा गिलावा सुकू द्या, मगच फटी भरा.

पाण्यासाठी पाकिटावरची मुदत पाळा, निदान दोन-तीन दिवस तरी कोरडं ठेवता आलं तर उत्तम. पूर्ण सुकल्यावर सीलर (पाणी मुरू न देणारा लेप) लावा. सिमेंटचं ग्राउट पाणी पितं, एपॉक्सीला सीलर लागत नाही. आणि सिलिकॉन सगळ्यात शेवटी, कोपरा खडखडीत सुकल्यावर. दोन्ही बाजूंना चिकटपट्टी लावून भरा, बोटाने एकदाच ओढा आणि ओलं असतानाच पट्टी काढा. पुढे साफसफाईला अॅसिड किंवा व्हिनेगर वापरू नका, त्याने सिमेंट झिजतं. साधा साबण आणि नायलॉनचा ब्रश पुरतो.