‘डिटॅचेबल मॅगझिन’ला मराठीत काय?

तर्जुमाकार
कोलोरॅडोच्या २०२५च्या बंदूक कायद्यावरचा लेख मराठीत आणायचा आहे. घोडं पहिल्याच कलमाशी अडलंय: ‘डिटॅचेबल मॅगझिन’ (म्हणजे काडतुसं भरलेली, काढून बदलता येणारी डबी) घेणारी सेमी-ऑटोमॅटिक रायफल, म्हणजे चाप ओढला की एक गोळी सुटते आणि पुढचं काडतूस आपोआप भरलं जातं ती. मी ‘सुटे मॅगझिन’ लिहिलं, संपादकांनी ‘सुटी काडतूसपेटी’ केलं. दोन्ही खटकतंय. तुम्ही काय लिहाल?

कानामात्रा
‘सुटे’ नकोच. सुटे म्हणजे वेगळं पडलेलं. कायद्याचा रोख मॅगझिन जिच्यात बसतं आणि निघतं त्या बंदुकीवर आहे. ‘काढता-घालता येणारे’ लिहा, लांबलं तरी चालेल. या एका शब्दावर कॅलिफोर्नियात काय झालं ते माहीत असेलच. तिथल्या नियमात डिटॅचेबल म्हणजे अवजार न लावता निघणारं, आणि गोळीसुद्धा अवजारात धरली होती. मग रायफलींना बोट पोचणार नाही इतकी खोल कळ बसवायला लागले. काडतुसाचं टोक खुपसलं की मॅगझिन खाली. हेच ‘बुलेट बटन’. कागदावर ती बंदूक ‘पक्क्या मॅगझिनची’, म्हणजे ‘डिटॅचेबल’च्या नियमातून सुटलेली! २०१६मध्ये व्याख्या बदलली: बंदुकीची यंत्रणा उघडल्याशिवाय निघत नसेल तरच पक्कं. तेव्हा ‘निघणारे’ आणि ‘नुसत्या हाताने निघणारे’ हा भेद मराठीत पुसला तर लेखाचा अर्धा जीव गेला.

देशीकार
काडतूसपेटी म्हणजे दुकानातला पन्नास काडतुसांचा खोका. त्यापेक्षा ‘भाता’ घ्या. बाणांचा भाता, तसा काडतुसांचा भाता. घरचा शब्द असताना मॅगझिन कशाला?

कानामात्रा
भात्यातला बाण हाताने उपसावा लागतो. इथे तळाची स्प्रिंग चकतीला वर रेटते, चकती काडतुसांना, आणि बोल्ट (मागेपुढे सरकणारा खटका) पुढे जाताना सर्वांत वरचं काडतूस ढकलून चेंबरमध्ये, म्हणजे नळीच्या मागच्या घरात, घालतो. स्प्रिंग ढिली पडली किंवा मॅगझिनचे ओठ (तोंडाच्या कडा) वाकले की बंदूक अडकते. भाता कधी अडकला नाही. शिवाय वाचकाला लोहाराचा भाता आठवेल.

फुकटफौजदार
देशीकार, तुमचं ‘काडतूस’ पोर्तुगीज आहे हो! कार्तूशचं काडतूस. ‘पिस्तूल’ही तिकडचंच. मॅगझिन तर अरबी ‘मख्ज़न’, म्हणजे कोठार. ज्या धातूपासून ते आलं त्याच ख-ज़-न पासून आपला ‘खजिना’. दोघे चुलतभाऊ.

देशीकार
मग खजिना घ्या की, मुरलेला शब्द आहे.

फुकटफौजदार
‘आरोपीकडून खजिना जप्त’ अशी बातमी छापा आणि दारात गर्दी बघा. पंचनाम्यात सरळ ‘मॅगझिनसह पिस्तूल व चार जिवंत काडतुसे’ लिहितात, रिकाम्या केसला ‘पुंगळी’. ज्यांच्या हातात वस्तू असते त्यांना शब्द अडत नाही.

चाप
‘क्लिप’ मात्र लिहू नका, बातम्यांत सर्रास येतं. क्लिप म्हणजे काडतुसं धरणारी नुसती पट्टी. थ्री-नॉट-थ्रीत पाच-पाच काडतुसांच्या दोन पट्ट्या वरून दाबून दहाचं मॅगझिन भरतात. त्या रायफलीचं मॅगझिनही निघतं, पण ती बोल्ट-ॲक्शन, म्हणजे दर गोळीला बोल्ट हाताने ओढायची, म्हणून कोलोरॅडोच्या कायद्याबाहेर. बहुतेक पिस्तुलंही बाहेर, कारण पिस्तुलांपैकी फक्त गॅसवर चालणारीच (गोळी सुटताना निघणाऱ्या वायूच्या जोरावर पुढचं काडतूस भरणारी) आत घेतली आहेत.

कानामात्रा
आणि मथळ्यात ‘बंदी’ लिहू नका. मूळ मसुदा बंदीचाच होता, विधिमंडळात तो मवाळ झाला. राज्यपाल जॅरेड पोलिस यांनी १० एप्रिल २०२५ला सही केली ती वेगळ्याच गोष्टीवर: १ ऑगस्ट २०२६पासून अशी बंदूक घ्यायची तर आधी शेरीफकडून (तिथला परगण्याचा पोलीसप्रमुख) पात्रता कार्ड, मग प्रशिक्षण.

देशीकार
सामान्य माणसासाठी ती बंदीच. शब्द परिणामावरून ठरतो.

चाप
कायद्याच्या भाषांतरात नाही ठरत. कोलोरॅडोचंच २०१३चं बघा. १५पेक्षा जास्त काडतुसांच्या मॅगझिनवर मनाई केली आणि त्यात ‘सहज वाढवता येईल असे’ हे शब्द घातले. साफसफाईसाठी बहुतेक मॅगझिनचं बूड निघतं, आणि त्या जागी लांब बूड बसतं. म्हणजे दहाचंही बेकायदा? शेरीफ कोर्टात गेले, महाधिवक्त्यांना या शब्दांचा अर्थ लावणारं मार्गदर्शन काढावं लागलं. त्याच सप्टेंबरात जॉन मोर्स आणि अँजेला जिरॉन या राज्याच्या दोन सिनेटरांना मतदारांनी मुदतीआधीच मत देऊन पदावरून परत बोलावलं.

फुकटफौजदार
मुळात आपल्याकडे शस्त्रं हा केंद्राच्या सूचीतला विषय, पाचवी नोंद. राज्याराज्यांत असं भांडण होतच नाही, तर शब्द येणार कुठून? तिकडच्या ‘प्रीएम्प्शन’ला कोश ‘अग्रक्रयाधिकार’ देतो. तो जमीन आधी विकत घ्यायचा हक्क! इथे अर्थ आहे राज्याने शहरांना बंदुकीचे नियम करायला मज्जाव करणं. कोलोरॅडोने २०२१मध्ये तो मज्जाव उठवला.

देशीकार
‘राज्यवर्चस्व’?

चाप
‘राज्यमज्जाव’ बरा.

कानामात्रा
मज्जावही बाहेरचाच दिसतो. देशीकारांना चालेल?

तर्जुमाकार
मंडळी, लेख उद्या जायचाय. ‘काढता-घालता येणारे’ एका ओळीत तीनदा येतंय. काय करू?

देशीकार
भाता.