साधी पिल्लं निघाली म्हणून रंग आनुवंशिक नाही?

एकाने म्हटलंय की त्याच्या पिवळ्या बॉल पायथन (पाळला जाणारा परदेशी अजगर) नराची साध्या मादीपासून झालेली सहाही पिल्लं साधीच निघाली, म्हणजे रंग आनुवंशिक नाही. घाई होतेय. हा पिवळा म्हणजे अल्बिनो, अंगात काळं रंगद्रव्य नसलेला. अल्बिनोचा रंग अप्रभावी जनुकाचा, म्हणजे आई-बाप दोघांकडून आला तरच दिसतो, म्हणून पहिल्या पिढीत लपतो. त्यातलीच एक मादी वाढवून बापाशी जुळवली तर सरासरी निम्मी पिल्लं पिवळी. मात्र मादी तयार व्हायला तीनेक वर्षं जातात, आणि तेव्हाही सहा अंड्यांतून सहा साधी निघणं 64 वेळांत एकदा होऊ शकतं. आमच्या गिरगावच्या चाळीत हिरव्या लव्हबर्डच्या जोडीला निळं पिल्लू झालं तेव्हा मादीबद्दल काय काय बोलले लोक! तोच प्रकार, निळा रंग दोघांतही लपलेला होता.

आणि पिल्लांचीही केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाच्या परिवेश पोर्टलवर नोंद करा, अशा परदेशी प्राण्यांच्या नोंदणीचे 2024 चे नियम आहेत. देशी अजगर मात्र पाळणंच गुन्हा.