एसीमागे कबुतराची अंडी : जाळी आत्ताच, की दीड महिना थांबून?

सातवा_मजला
मुंबई-पुण्यातल्या सोसायट्यांत हे नेहमीचंच: एसीच्या आउटडोअर युनिटमागे पारव्याने अंडी घातलीत आणि जाळीवाला उद्या येतोय. माझं मत स्पष्ट आहे, जाळीवाल्याला थांबवा. अंडी १७-१९ दिवसांत फुटतात, पिल्लू उडायला पुढे चार-पाच आठवडे. पिल्लं आत असताना जाळी मारली की आईबाप बाहेर फडफडतात, पिल्लं उपाशी मरतात आणि वास बेडरूममध्ये येतो.

दक्षिणखिडकी
ऐकायला छान, पण हिशेब चुकतोय. पहिली पिल्लं घरट्यात असतानाच मादी पुढची दोन अंडी घालते. तुमचा दीड महिना संपणार कधी? वाळलेल्या विष्ठेची पूड आणि पिसांची धूळ फुप्फुसाला सूज आणते. दादरचा कबुतरखाना २०२५ मध्ये ताडपत्रीने झाकला, तो श्वसनविकारांच्याच मुद्द्यावरून. घरात दम्याचं माणूस असेल तर त्याला थांबायला कसं सांगायचं?

उंबर
अहो, दोघंही आधी घरटं कितव्या दिवसाचं आहे ते बघा. नुसत्या काटक्या असतील तर रोज सकाळ-संध्याकाळ उचला. आठवडाभर चिकाटी लागते, एक दिवस चुकलात की अंडं. दुसरं अंडं दीड-दोन दिवसांनी येतं आणि नेटाने उबवणं त्यानंतरच सुरू होतं. तेवढ्यात उचलायची तर उचला, पण जागा उघडी राहिली तर तीच जोडी काही दिवसांत तिथेच पुन्हा अंडी घालते. त्यापेक्षा त्याच मापाची लाकडी किंवा प्लॅस्टिकची अंडी ठेवा. जोडी ती उबवत बसते, कंटाळून उठते, तेव्हा जाळी. पिल्लं बाहेर आली असतील तर मात्र सातव्या मजल्याचंच ऐका, फक्त पिल्लं तीन आठवड्यांची झाली की आजूबाजूला नव्या काटक्या दिसतात का ते रोज बघा.

दक्षिणखिडकी
घरटंच उचलून गच्चीवर ठेवलं तर?

उंबर
नाही. आईबाप घरटं जागेवरून ओळखतात, शोधत गच्चीवर येत नाहीत.

पागोळी
जाळी म्हणजेच दया, हे मला मान्य नाही. निम्म्या जाळ्या सैल असतात, त्यांत पाय अडकून पक्षी उलटा लटकतो. कबुतरासाठी ५० मिमीचं भोक चालतं, चिमणीला १९ मिमी. कडेने स्टीलची तार ओढून त्यावर जाळी ताणायची, हुक फूट-सव्वा फुटावर. केबल टाय उन्हात कडक होऊन तुटतात, कोपरा सुटतो, कबूतर आत शिरतं आणि त्याला बाहेरची वाट सापडत नाही. बंद करायच्या आधी एसीमागे टॉर्च मारा. काम भर दुपारी करा, तिन्हीसांजेला पक्षी मुक्कामाला आत येतात.
चिकट जेल तर अजिबात नको. त्यात चिमण्या नि शिंजीर चिकटतात, पिसं खराब होतात. प्लॅस्टिकचं घुबड दोन दिवसांचा पाहुणा, नंतर कबुतरं त्याच्याच डोक्यावर बसतात. काटेरी पट्ट्या अरुंद छज्ज्यावर ठीक. रुंद जागेत काट्यांमध्येच काटक्या अडकवून पक्कं घरटं होतं. छज्जा मोकळा असेल तर ४५ अंशांहून जास्त उताराचा पत्रा बसवा. बसायलाच जागा नाही, भांडण मिटलं.

सातवा_मजला
एसीवर उतार बसवला तर हवा कोंडेल. युनिट आणि भिंतीतली फट जाळीनेच बंद करावी लागेल.

पागोळी
बरोबर, तिथे जाळीच. पंख्यासमोर पत्रा नको.

दक्षिणखिडकी
आणि साफसफाई? कोरड्या झाडूने झाडू नका, पूड उडते. एन-९५ मास्क, हातमोजे, आधी साबणाचं पाणी फवारून दहा मिनिटं भिजू द्या, मग खरवडून पिशवीत भरा. पाइपने धुवाल तर सगळं सहाव्या मजल्याच्या वाळत्या कपड्यांवर.

उंबर
मूळ दुखणं दाण्याचं आहे. तळमजल्यावर मूठभर ज्वारी रोज पडते तोवर सातव्यावर अंडी. पण तो विषय सोसायटीच्या सभेत काढून बघा, खुर्च्या उडतील.