'द ग्रेट प्रिटेंडर': प्लॅटर्सने दुःख लपवलं कुठे?

गोलतबकडी: प्लॅटर्स या अमेरिकन गायनसमूहाचं हे गाणं १९५५च्या अखेरीस आलं आणि १९५६मध्ये अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेलं. गाणारा म्हणतो, मी पक्का सोंगाड्या. आतून एकटा पडलोय, पण कुणाला पत्ता लागू देत नाही. आणि मुख्य गायक टोनी विल्यम्सच्या आवाजात पहिल्या ओळीपासून हुंदका! मग लपवलं काय? पाचगणीत शाळा शिकलेला, 'क्वीन' या ब्रिटिश रॉक बँडचा गायक फ्रेडी मर्क्युरी १९८७ मध्ये हेच गाणं ताठ मानेने गायला. मला तो जास्त पटतो.

मध्यलय: साफ असहमत. हेडफोन लावा आणि विल्यम्सला सोडून मागचे आवाज ऐका. तो तार सप्तकाकडे झेपावतो, आवाज चिरकायच्या बेतात येतो, आणि मागची मंडळी संथपणे 'ऊ... ऊ...' करत राहतात. घरात कुणीतरी आतल्या खोलीत रडत असावं आणि बाहेर पाहुण्यांना चहा दिला जात असावा, अगदी तसं. सोंग त्या कोरसमध्ये आहे. म्हणून हे गाणं मुळात समूहाचं.

गोलतबकडी: चहाचं पटलं. पण फ्रेडीने आजार जगापासून लपवला, २३ नोव्हेंबर १९९१ला जाहीर केला आणि दुसऱ्याच दिवशी गेला. हे माहीत असताना त्याचं 'मी बरा आहे' ऐकवत नाही हो.

रेडिओवेडी: मलाही ऐकवत नाही. पण १९९१चं दुःख १९८७च्या रेकॉर्डमध्ये आपण घालतोय, हेही मान्य करा. आणि प्लॅटर्सना मुखवटा नव्हता असं कसं म्हणता? सगळे कृष्णवर्णीय कलाकार. अमेरिकेच्या दक्षिणेत तेव्हा गोऱ्या आणि काळ्या श्रोत्यांना बसायलासुद्धा वेगळ्या जागा. तिथे कडक इस्त्रीचे सूट घालून, हसतमुखाने प्रेमगीतं गायची! गाणं त्यांच्या मॅनेजरने, बक रॅमने लिहिलं, हे खरं. पण ते सोसलेल्या गळ्यातून आलंय.

मध्यलय: +१. विल्यम्स 'प्रिटेंडर' शब्दावर किंचित अडखळतो ना, ती जागा मी कितीदा मागे नेऊन ऐकली असेल.

गोलतबकडी: आत्ता पुन्हा ऐकलं, फक्त कोरसवर कान ठेवून. फ्रेडीवरचं मत कायम आहे. पण 'लपवलं काय' हा प्रश्न मागे घेतो.