उत्तर: शिमग्यानंतरची कबड्डी, प्रेक्षक किती?

६ मार्च २०२२
प्रेषक: माई, लंडन

नमस्कार मंडळी,
देवगडहून तात्यांचा फोन होता. कोविडचे निर्बंध सैल करणारा राज्य सरकारचा आदेश ४ मार्चपासून लागू झालाय, त्यात आपला सिंधुदुर्ग जास्त सवलतीच्या 'अ' यादीत आलाय, रत्नागिरी-रायगडही आलेत. म्हणजे कार्यक्रम पूर्ण क्षमतेने करायला मोकळीक. वाडीत पुन्हा प्रकाशझोतातली कबड्डी होणार आणि ट्रॉफी आपल्या इथल्या मंडळातर्फे द्यायची. माझं म्हणणं, पैसे पाठवायच्या आधी एक अट घालू या: दोन डोसचं सर्टिफिकेट बघूनच माणूस आत सोडायचा. इथे डिसेंबरपासून जानेवारीअखेरपर्यंत मोठ्या सामन्यांना कोविड पास लागत होता, तो आपण कुरकुरत का होईना दाखवलाच ना?

६ मार्च
प्रेषक: बंड्या, लेस्टर

माई, तो नियम जरा नीट आठव. बसून बघायचं तर १०,००० च्या वर, उघड्यावर उभ्याने ४,००० च्या वर, बंद जागेत उभ्याने ५०० च्या वर. त्याखाली कोणी पास विचारत नव्हतं. वाडीत आजूबाजूचे सगळे गाव लोटले तरी ४,००० माणूस कुठून आणणार? शिवाय तिथे १५ वर्षांखालच्या पोरांना अजून लसच नाही, आणि सगळ्यात पुढे बसतात तीच. त्यांना काय घरी पाठवणार?

७ मार्च
प्रेषक: तात्या, देवगड

सर्वांस नमस्कार.
माई, पूर्ण क्षमता म्हणजे किती, हे आधी मला कोणीतरी सांगा. वानखेडेला खुर्च्या आहेत, तिकीट आहे, गेट आहे. म्हणून २६ तारखेपासूनच्या आयपीएलला तिथे पाव प्रेक्षक म्हटलं की तो आकडा मोजता येतो. (मुंबईसुद्धा आमच्याच 'अ' यादीत आहे, तरी तिथे पाव आणि आम्हाला पूर्ण. असो.) आमच्या शाळेच्या मैदानाला ना खुर्ची ना गेट. माणसं गडग्यावर, म्हणजे दगडी कुंपणावर बसतात, आंब्याच्या कलमावर चढतात, उरलेली रस्त्याकडेला बाईक लावून तिच्यावरच. सर्टिफिकेट तपासायला पोरं कुठे उभी करू? गडग्यावर?

प्रेक्षक उघड्यावर आहे, वारा खाडीवरून येतो. मला काळजी आहे ती दोरीच्या आतल्यांची. चढाईला गेलेला गडी समोरच्याच्या तोंडावर 'कबड्डी कबड्डी' करत जातो आणि पकड झाली की चार-पाच जण त्याच्या अंगावर. मास्क लावून दम टिकत नाही, ते सांगूच नका. बरं, हे संघ एका टेम्पोत दाटीवाटीने येतात, शाळेच्या दोन वर्गांत झोपतात, एका पंगतीला जेवतात. मागच्या जूनमध्ये मुंबई मोकळी होत होती तेव्हा आमच्याकडे आकडे चढेच होते. इथून माणूस ओरोसला जिल्हा रुग्णालयात न्यायचा म्हणजे काय, ते आम्ही पाहिलंय. तेव्हा तात्या बेफिकीर आहे असं समजू नका.

आमचा बेत असा. पंगत बाहेर मांडवाखाली. वर्गाच्या खिडक्या रात्रभर उघड्या, डासांसाठी अगरबत्ती देऊ. ताप-खोकला असलेला गडी उतरवायचा नाही, संघाचा कितीही हिरो असो. बदली खेळाडू घ्यावा. लोकांना मात्र काठी घेऊन हाकलणार नाही.

७ मार्च
प्रेषक: बंड्या, लेस्टर

तात्यांना माझं एक मत. पण तात्या, भजीच्या गाडीपुढची झुंबड? ती मैदानाच्या दुसऱ्या टोकाला लावा ना.

८ मार्च
प्रेषक: माई, लंडन

तात्या, प्रेक्षकांची अट मी सोडते. पण खेळाडू, पंच आणि वाढपी यांच्या याद्या तुमच्याकडे असतातच, त्यांची सर्टिफिकेटं बघा. ही माणसं मोजता येतात, गडग्यावरची नाही. आणि मॅटला चिकटून बसणाऱ्या म्हाताऱ्यांना चार हात मागे बाकं द्या, बाकांचे पैसे मी वेगळे पाठवते. मागच्या वेळच्या मांडवाची पावती मात्र अजून आलेली नाही.

८ मार्च
प्रेषक: तात्या, देवगड

अट मान्य. भजीची गाडी पण हलवतंय. पावती गावली काय धाडतंय. ट्रॉफीर वाडीचा नाव ह्या टायमाक तरी बरोबर घाला.